सात किलोमीटरच्या रेडिओ लिंकसाठी अँटेना कुठे आणि किती उंच?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वारणाकाठच्या एका प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेचे ऑटोमेशन करायचे आहे. नदीकाठच्या जॅकवेलवरून (पाणी उपसायची विहीर, पंप हाऊस तिच्यावरच) ७ किलोमीटर लांबच्या टेकडीवरील एमबीआरमध्ये (मुख्य संतुलन टाकीत) पाणी चढते आणि तिथून तीन गावांच्या उंच टाक्यांना उतरते. टाक्यांची पातळी पंप हाऊसमधल्या पीएलसीपर्यंत (पंप चालवणाऱ्या नियंत्रक संगणकापर्यंत) ८६६ मेगाहर्ट्झच्या रेडिओने आणायची आहे. जॅकवेलचा स्लॅब समुद्रसपाटीपासून ५४८ मीटर, टेकडी ६१२ मीटर, आणि नदीपासून ३ किलोमीटरवर ५६६ मीटर उंचीचा एक माळ आडवा आहे. त्या माळावर साधारण १२ मीटरची झाडे आहेत. रेडिओच्या माहितीपत्रकात १५ किलोमीटर रेंज लिहिली आहे, तेव्हा ७ किलोमीटरला अडचण येऊ नये, आणि अँटेना किती उंच लावावा, असे अभियंत्याने विचारले आहे.

माहितीपत्रकातला तो १५ चा आकडा आधी बाजूला ठेवा. तो खोटा नसतो, पण दोन्ही अँटेना उंचावर, मध्ये काही नाही, आजूबाजूला दुसरे प्रसारण नाही, अशा जागी तो मिळालेला असतो. तोच रेडिओ उसाच्या फडातून माणसाच्या उंचीवरच्या अँटेनाशी बोलायला लावला तर एक किलोमीटरलाही रडतो, आणि डोंगरावरून डोंगरावर ३० किलोमीटरही सहज जातो. रेंज ठरते ती दोन अँटेनांच्या मधल्या वाटेवर. म्हणून आधी वाट तपासायची, मग उंची ठरवायची, मग केबल, मग अँटेनाचा प्रकार. पॉवर सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे उलट्या क्रमाने होते. पॉवर दुप्पट केली तर फक्त ३ डीबी (डेसिबल, सिग्नलची वाढ-घट मोजायचे लॉगवरचे माप) मिळतात, आणि अगदी मोकळ्या वाटेवरही त्याने अंतर १.४ पटच वाढते. जमिनीलगतच्या लिंकमध्ये तर त्याहून कमी. उलट जमिनीलगत एका टोकाच्या अँटेनाची उंची दुप्पट केली की साधारण ६ डीबी हाती लागतात, म्हणजे चौपट पॉवर केल्याइतके, आणि त्याला परवानगी लागत नाही की वीज लागत नाही.

आता तुमच्या वाटेचा हिशेब करू. मोकळ्या हवेतली घट काढायचे सूत्र सोपे आहे: ३२.४४, अधिक मेगाहर्ट्झमधल्या वारंवारितेच्या लॉगची २० पट, अधिक किलोमीटरमधल्या अंतराच्या लॉगची २० पट. ८६६ मेगाहर्ट्झ आणि ७ किलोमीटरला ही घट १०८ डीबी येते. (२.४ गिगाहर्ट्झला तीच ११७ होते, हे लक्षात असू द्या.) रेडिओचे प्रसारण अर्धा वॉट म्हणजे २७ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली शक्ती) धरू. पंप हाऊसवर ८ डीबीआयचा यागी (एकाच दिशेला सिग्नल देणारा काड्यांचा अँटेना; डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती एकवटतो त्याचे माप), टेकडीवर ५ डीबीआयचा ऑम्नी (चहूकडे सिग्नल देणारा), कारण तिथून तीन गावांशीही बोलायचे आहे. दोन्हीकडे २० मीटर एलएमआर-४०० केबल (जाड, कमी घटीची), तिचे प्रत्येकी २.६ डीबी, आणि कनेक्टर व अरेस्टरचा (विजेपासून वाचवणाऱ्या उपकरणाचा) मिळून १ डीबी. बेरीज-वजाबाकी केली की दुसऱ्या टोकाला उणे ७५ डीबीएमच्या आसपास सिग्नल पोचतो. ९६०० बिट वेगाला रेडिओची संवेदनशीलता (त्याला वाचता येणारा सर्वांत क्षीण सिग्नल) उणे १०५ धरली तर ३० डीबी शिल्लक राहतात. कागदावर छान दिसते. पण हा हिशेब माळ आणि झाडे नाहीत असे समजून केला आहे.

दोन अँटेनांच्या मध्ये ताणलेली दोरी म्हणजे रेडिओची वाट, असा समज असतो. लहरींना त्या दोरीभोवती बरीच मोठी जागा लागते. तिला फ्रेनेल झोन म्हणतात, आणि तिचा आकार पखवाजासारखा, दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये फुगलेला. तुमच्या माळाच्या जागी, म्हणजे एका टोकापासून ३ आणि दुसऱ्यापासून ४ किलोमीटरवर, ८६६ मेगाहर्ट्झला या झोनची त्रिज्या २४ मीटर भरते. त्यातला ६० टक्के भाग, म्हणजे सुमारे साडेचौदा मीटर, मोकळा असला तर अडथळ्याची घट जवळपास शून्य. पुस्तकी नियम एवढेच सांगतो.

समजा पंप हाऊसवर अँटेना स्लॅबपासून ९ मीटर आणि टेकडीवर जमिनीपासून ६ मीटर लावला. मग माळाच्या जागी सरळ रेषेची उंची ५८३ मीटर येते. झाडांचा शेंडा ५७८, त्यात पृथ्वीच्या गोलाईचे ०.७ मीटर मिळवा. (७ किलोमीटरला गोलाई नगण्यच, पण २० किलोमीटरच्या लिंकमध्ये मधोमध जवळपास ६ मीटर होतात आणि ३० ला १३. तिथे ती विसरून चालत नाही.) म्हणजे रेषा झाडांच्या वरून जेमतेम ४.४ मीटरने जाते. हवे आहेत साडेचौदा. दहा मीटर कमी पडले. पंप हाऊसचा अँटेना एक मीटर वाढवला की माळावर रेषा फक्त ५७ सेंटिमीटर उचलली जाते, म्हणून हे दहा मीटर भरून काढायला पंप हाऊसवर आणखी १८ मीटर मास्ट (अँटेनाचा खांब) लागेल. २७ मीटरचा मास्ट, त्याचा पाया, गाय वायर (खांब ताणून धरणाऱ्या तारा), अर्थिंग. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात हा आकडा दिसला की प्रकल्प तिथेच अडतो.

इथे माझे मत स्पष्ट आहे: २७ मीटरचा मास्ट उभारू नका. नियम ६० टक्क्यांचा असला तरी तो मोडल्याची किंमत मोजता येते, आणि ती मोजूनच ठरवायचे. अडथळ्याचा माथा धारदार धरला आणि रेषा त्याच्या ४.४ मीटर वरून गेली, तर या अंतराला घट साधारण ४ डीबी येते. रेषा माथ्याला नेमकी घासून गेली तरी ६ डीबी. खरा माळ धारदार नसतो, गोलसर आणि झाडोऱ्याचा असतो, म्हणून मी ४ च्या ऐवजी १० धरतो. ३० मधले १० गेले, २० डीबी राहिले. अशा लिंकला २० डीबी शिल्लक पुरते. आणि रेषाच जर अडली असती, सिग्नल फक्त परावर्तनांनी पोचत असता, तर गणित वेगळे: तिथे १० डीबी शिल्लक असेल तर वेळेच्या सुमारे १० टक्के लिंक पडेल, २० ला १ टक्का, ३० ला ०.१ टक्का. तेव्हा माळावर रेषा मोकळी आहे ना, एवढे डोळ्यांनी किंवा दुर्बिणीने खात्रीने बघा. ते असेल तर ९ मीटरचा पाइप मास्ट पुरे. झाडे आणखी पाच मीटर वाढतील हे धरून मी तो १२ मीटरचा केला असता. १२ मीटर तीन गाय वायरींवर निभतो आणि पाच-सात वर्षांची निश्चिंती देतो.

या सगळ्या शिलकीवर पाणी सोडणारी गोष्ट म्हणजे केबल. तीच २० मीटर लांबी आरजी-५८ या बारीक केबलची घातली, कारण ती गावातल्या दुकानात मिळते आणि वळवायला सोपी, तर एका टोकाला ९ ते १० डीबी जातात. दोन्ही टोके मिळून १४ डीबी जास्तीचे गेले. तुमचे २० चे ६ राहिले. मग पहिल्या पावसात लिंक पडते आणि दोष रेडिओवर येतो. आरजी-५८ पॅनेलमधल्या एका मीटरच्या जोडणीपुरती ठेवा. १५–२० मीटरपर्यंत एलएमआर-४००, त्यापुढे अर्ध्या इंचाची हार्डलाइन. त्याहून चांगला उपाय म्हणजे रेडिओच मास्टवर, अँटेनाच्या खाली, पाणी न शिरणाऱ्या पेटीत बसवणे आणि खाली फक्त वीज व डेटाची आरएस-४८५ तार आणणे. मात्र पेटीत एप्रिल-मेच्या उन्हात काय तापमान होईल ते बघून रेडिओ निवडा.

पावसाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. १० गिगाहर्ट्झच्या खाली पावसाच्या थेंबांनी होणारी घट आपल्या अंतरांना दखल घेण्याजोगी नसते. पावसात लिंक पडली तर दोनच कारणे शोधा: ओली पाने आणि कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी. दुसरे कारण जास्त वेळा सापडते. एन-टाइप कनेक्टरवर साधी इन्सुलेशन टेप गुंडाळली तर एका उन्हाळ्यात तिचा चिकटा सुटतो. आधी स्वतःला चिकटणारी रबराची टेप ताणून लावायची, तिच्यावर उन्हाला टिकणारी काळी टेप, आणि गुंडाळताना खालून वर यायचे म्हणजे पाणी कौलासारखे ओघळते. अँटेनाच्या खाली केबलला एक वळसा द्या, थेंब तिथून गळून जातात. यागीच्या डायपोलला (केबल जोडलेल्या काडीला) पाणी निघायचे छिद्र असते, ते खालच्या बाजूला आले पाहिजे. बसवणारे पोर ते वर करून बसवते आणि आत पाणी साठते, हे मी अनेक साइटवर बघितले आहे.

अँटेना कसा धरला आहे, हे तो किती उंच आहे याइतकेच महत्त्वाचे. ८६६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३५ सेंटिमीटर आहे. ऑम्नी लोखंडी मास्टच्या बाजूला चिकटवून लावला तर मास्ट त्याच्या एका बाजूचा सिग्नल खातो आणि ज्या गावाकडे तो खातो तेच गाव नेमके कच्चे निघते. ऑम्नी मास्टच्या टोकावरच हवा. टोक मिळत नसेल तर निदान एक मीटरच्या आडव्या हातावर घ्या. यागी उभ्या ध्रुवणात लावायचा, म्हणजे त्याच्या काड्या उभ्या, कारण टेकडीवरचा ऑम्नी उभा आहे. एक उभा आणि एक आडवा राहिला तर मोकळ्या वाटेवर २० डीबीपर्यंत सहज जातात. उभा यागी लोखंडी पाइपला मधोमध क्लॅम्प केला तर पाइप स्वतःच एक काडी होऊन बसतो आणि अँटेनाची दिशाच बिघडते. त्याचा बूम (काड्या धरणारा दांडा) मागच्या टोकाला धरा.

उंच टाकीवर अँटेना लावताना आपली माणसे शिडीच्या कठड्याला बांधून मोकळी होतात. कठडा टाकीच्या एका बाजूला असतो आणि काँक्रीटचा पूर्ण भरलेला टाका म्हणजे रेडिओच्या दृष्टीने भिंत. अँटेना एमबीआर दिसणाऱ्या बाजूला हवा, किंवा घुमटाच्या माथ्यावर दोन मीटरच्या पाइपवर. पंप हाऊसमध्ये पत्र्याचे छप्पर आणि गॅन्ट्री असते, पॅनेल स्वतः लोखंडी असते. पॅनेलच्या आत चुंबकी अँटेना लावून "सिग्नल येतोय" म्हणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की तो प्रयोग सोडा.

ऑम्नीच्या गेनचा, म्हणजे डीबीआयच्या आकड्याचा, मोहही आवरा. ऑम्नीला जास्त गेन मिळतो तो वर-खालची पसरण चपटी करून. ९ डीबीआयच्या ऑम्नीचा उभा कोन १२ ते १५ अंशच असतो. तुमच्या टेकडीवरून गावे दूर आणि थोडीच खाली आहेत, तिथे चालेल. पण शाहूवाडी, पाटणकडच्या डोंगराळ भागात रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारा रेडिओ) गावापासून एक किलोमीटरवर आणि ३०० मीटर उंच असतो, म्हणजे गाव जवळजवळ १७ अंश खाली. तिथे ९ डीबीआयचा ऑम्नी गावाच्या डोक्यावरून सिग्नल फेकतो आणि ३ डीबीआयचा स्वस्त अँटेना त्याच्यापेक्षा बरा चालतो. तुमच्या एमबीआरसाठी ५ हाच योग्य.

आता वारंवारिता आणि शेजारी. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ च्या नियमांनी परवान्याशिवाय खुला झाला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला गेला. प्रसारण जास्तीत जास्त १ वॉट, अँटेनासह परिणामी शक्ती ४ वॉट, वाहकाची रुंदी २०० किलोहर्ट्झ. तुमची मांडणी या मर्यादेच्या खूप आत आहे. रेडिओला डब्ल्यूपीसीचे (केंद्र सरकारच्या वारंवारिता विभागाचे) ईटीए म्हणजे उपकरण मंजुरीचे प्रमाणपत्र आहे का ते खरेदीआधी बघा. कोणी अमेरिकेचा ९०० मेगाहर्ट्झचा रेडिओ स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. तिथला खुला पट्टा ९०२ ते ९२८ आहे, आणि आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये मोबाइल हँडसेट टॉवरशी बोलतात. त्यात तुमचा पंप बोलला तर तक्रार होणारच, आणि ती रास्त असेल.

त्याहून अवघड शेजारी वरच्या बाजूला आहे. ८६९ मेगाहर्ट्झपासून पुढे मोबाइल टॉवर स्वतः प्रसारण करतात, आणि ते तुमच्या वारंवारितेच्या अगदी अंगाला लागून. तुमच्या टेकडीवर किंवा एखाद्या टाकीजवळ असा टॉवर असेल तर आरएसएसआय (रेडिओने दाखवलेली सिग्नलची ताकद) उत्तम दिसेल, उणे ७०, आणि तरीही पॅकेट हरवतील, कारण रिसीव्हर शेजारच्या आवाजाने, म्हणजे नको असलेल्या रेडिओ गोंगाटाने, बधिर होतो. म्हणून फक्त आरएसएसआय बघू नका; समोरच्याचा रेडिओ बंद आणि आपला चालू, अशा स्थितीत पार्श्वभूमीचा आवाज किती आहे ते मोजा. तो उणे ११० च्या आसपास असेल तर ठीक. उणे ९० दाखवत असेल तर तुमची संवेदनशीलता उणे १०५ असून काही उपयोग नाही, खरी शिल्लक आवाजापासून मोजावी लागेल. उपाय दोन: टॉवरच्या अँटेनांपासून खाली-वर अंतर ठेवून लावणे (आडव्या अंतरापेक्षा उभे अंतर खूप जास्त उपयोगी पडते), आणि अँटेना व रेडिओच्या मध्ये ८६५–८६८ चा चांगला कॅव्हिटी फिल्टर, जो फक्त तेवढाच पट्टा आत येऊ देतो.

वेगाचा प्रश्न छोटा आहे पण सांगून टाकतो. टाकीची पातळी मिनिटाला एकदा कळली तरी पुरे. वेग अर्धा केला की साधारण ३ डीबी मिळतात. रेडिओ १,१५,२०० वर ठेवून मग रेंज नाही म्हणणे म्हणजे ११ डीबी स्वतःहून फेकून देणे. ९६०० वर ठेवा आणि मोडबसचा (पीएलसी ज्या पद्धतीने डेटा मागते तिचा) टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहायची वेळ, सैल करा.

साइटवरची पाहणी कशी करायची, यावर माझा भर सर्वांत जास्त आहे. गुगल अर्थमध्ये दोन टोकांमध्ये रेषा काढून उंचीचा आलेख बघणे ही सुरुवात आहे. तो जमिनीचा आलेख आहे. झाडे, घरे, नवीन शाळेची इमारत त्यात नाही. तुम्ही दिलेला १२ मीटरचा आकडा कोणी मोजला आहे की अंदाजाने लिहिला आहे, ते माहीत करून घ्या. मग खरे दोन रेडिओ, खरे अँटेना आणि जोडता येणारा पाइप घेऊन दोन माणसे दोन टोकांना उभी करा. ३, ६, ९, १२ मीटरवर आरएसएसआय लिहून काढा. ६ वरून ९ ला गेल्यावर सिग्नल ५–६ डीबी वाढत असेल तर वाट अजून अडलेली आहे, आणखी वर जा. जिथे वाढ थांबते तिथून दोन मीटर वर तुमची उंची. एखाद्या उंचीवर सिग्नल अचानक कमी झाला तर घाबरू नका, जमिनीवरून परावर्तित झालेली लहर सरळ लहरीला खोडते आहे. एक-दोन मीटर वर-खाली करून बघा. उजनीसारख्या मोठ्या जलाशयावरून जाणाऱ्या लिंकमध्ये हे फार त्रास देते, कारण पाण्याची पातळी हंगामाप्रमाणे बदलते आणि सिग्नल कमी होण्याची जागाही बदलते. तुमच्या लिंकमध्ये पाणी फक्त एका टोकाशी आहे, त्रास होऊ नये.

मे महिन्यात केलेल्या पाहणीवर विसंबू नका. सागाची पाने गळालेली असतात, ऊस तोडून गेलेला असतो. दहा मीटर गर्द झाडोरा या वारंवारितेला ४–५ डीबी खातो, भिजलेला त्याहून जास्त. उन्हाळ्यातच पाहणी करावी लागली तर १० डीबी वेगळे काढून ठेवा. आणि चाचणी पंप चालू असताना करा. व्हीएफडी (पंपाचा वेग बदलणारे उपकरण) आणि स्टार्टर चालू झाल्यावर आवाज वाढतो का, दोन्ही टोकांना वेगवेगळे मोजा. वाटेची घट दोन्ही दिशांना सारखीच असते, आवाज मात्र प्रत्येक टोकाचा वेगळा असतो. एका दिशेने लिंक चालते आणि दुसऱ्या दिशेने नाही, याचे कारण बहुतेक वेळा हेच.

विजेबद्दल: एप्रिल ते जून वळवाच्या पावसात टेकडीवरचा मास्ट हा परिसरातला सर्वांत उंच लोखंडी खांब असतो. केबल पॅनेलमध्ये शिरते तिथे अरेस्टर, आणि मास्ट, अरेस्टर, पॅनेल यांचे अर्थिंग एकत्र जोडलेले, १० ओहमच्या आत. वेगवेगळे तीन खड्डे करून तीन न जोडलेले अर्थ दिले तर वीज त्यांच्यातला फरक रेडिओतून भरून काढते. जॅकवेलवर पॅनेल आणि रेडिओ २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणेच्या वर बसवा. त्या खुणा गावकऱ्यांना तोंडपाठ आहेत, त्यांना विचारा.

आणि लिंक तुटली तर पंप काय करेल, ते पीएलसीत आजच लिहा. एमबीआरला रेडिओवर अवलंबून नसलेला फ्लोट व्हॉल्व्ह हवा, आणि ठरावीक मिनिटे डेटा आला नाही तर पंप शेवटच्या पातळीवरून हिशेब करून थांबला पाहिजे. टेकडीवरून रात्रभर पाणी वाहून गेलेले कोणत्याही गावाला परवडत नाही.

राहिले तिसरे गाव, जे एमबीआरच्या मागच्या उतारावर आहे. त्याच्यासाठी एमबीआरचा मास्ट वाढवण्यापेक्षा दुसऱ्या गावाच्या टाकीवरचा रेडिओ पुढे पाठवणाऱ्या स्थितीत ठेवा. ती टाकी दोघांनाही दिसते असे तुमच्या नकाशावरून वाटते. वेळ दुप्पट लागेल, टाइमआउट तेवढा वाढवा. दोन्ही टाक्यांच्या घुमटावर माणूस चढवून, एकमेकांच्या टाकीचा माथा उघड्या डोळ्यांनी दिसतो का, ते पुढच्या फेरीत बघून घ्या. आणि लिंक सुरू झाली त्या दिवशीचा प्रत्येक टोकाचा आरएसएसआय, आवाज आणि अँटेनाची उंची तारखेसह पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. दोन वर्षांनी कोणी तक्रार घेऊन आला, तर झाडे वाढली की कनेक्टरमध्ये पाणी गेले, याचा तपास त्या कागदावरून सुरू करता येतो.